दुखत नाही म्हणून : गीता १७.२०-२२ आणि शेवगावातले तीन दिवस



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२. वेळ असेल तर ज्ञानेश्वरीतला याच श्लोकांवरचा भागही सोबत वाचा.

सतरावा अध्याय म्हणजे श्रद्धात्रयविभागयोग. यात भगवंत आहार, यज्ञ, तप आणि दान या चार गोष्टी एकेक करून घेतात आणि प्रत्येकीचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार सांगतात. गेल्या आठवड्यात आपण आहार आणि तप पाहिलं. आज दानापाशी आलोय.

तीन श्लोकांचा सरळ अर्थ असा :

सात्त्विक दान – देणं हे आपलं कर्तव्यच आहे या भावनेने दिलेलं. जो उपकाराची फेड करू शकणार नाही अशा माणसाला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि पात्र बघून दिलेलं.

राजस दान – परत काहीतरी मिळेल या हिशोबाने, फळावर डोळा ठेवून, किंवा जिवावर येऊन दिलेलं.

तामस दान – भलत्या जागी, भलत्या वेळी, अपात्राला दिलेलं. शिवाय मान न ठेवता, तुच्छतेने दिलेलं.

हा शेवटचा भाग आपण घाईघाईत वाचून पुढे जातो. "तामस" म्हटलं की दारूड्याला दिलेले पैसे वगैरे डोळ्यांसमोर येतं. पण भगवंतांनी अपमान करून देणंही त्याच श्लोकात, त्याच रांगेत बसवलंय. म्हणजे वस्तू चांगली असेल, घेणारा गरजू असेल, तरी देताना समोरच्याला खाली बघायला लावलं तर ते देणं तामस. हे मला नीट कळलं ते पुस्तकात नाही, शेवगावात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

नाथषष्ठीची वाट

शेवगाव माझं गाव. आता नोकरीमुळे पुण्यात असते. आमचा तालुका नगर जिल्ह्याच्या (आताचा अहिल्यानगर) पूर्व टोकाला. एका बाजूला नेवासे, जिथे ज्ञानोबारायांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. दुसऱ्या बाजूला, गोदावरीच्या पलीकडे, पैठण. तिथे एकनाथ महाराज झाले. याच नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचे पाठ तपासून शुद्ध प्रत तयार केली. आपण आज जी ज्ञानेश्वरी वाचतो तिच्यामागे नाथांचे ते कष्ट आहेत.

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीचा सोहळा असतो. १५९९ साली याच तिथीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. आषाढीची वारी सगळ्यांना माहीत असते, टीव्हीवर दिसते. नाथषष्ठीच्या दिंड्या मात्र शहरात फारशा कुणाला ठाऊक नसतात. गावोगावचे वारकरी पायी पैठणला निघतात आणि नगरकडून येणाऱ्या कितीतरी दिंड्या शेवगावातून पुढे जातात. शेवगाव ते पैठण सुमारे तीस किलोमीटर. म्हणजे शेवगावला पोचलेला वारकरी मनाने पैठणात पोचलेलाच असतो.

गेल्या फाल्गुनात पुण्यातल्या काही डॉक्टरांच्या गटासोबत मी तीन दिवस तिथे होते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. गाव माहीत आहे आणि इकडची बोली येते, एवढंच माझं भांडवल. कॉलेजची पोरं, एक फार्मासिस्ट, दोन आयटीवाले असे आम्ही आठ-दहा स्वयंसेवक होतो.

फाल्गुनात आमच्याकडे ऊन चढायला लागलेलं असतं. रस्त्याला सावली कमी. मंडपात येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. तक्रारी ठरलेल्या : पायाला फोड, टाचांना भेगा, पोटऱ्यांत गोळे, पित्त, चक्कर, डोळ्यांत धूळ. त्यापाठोपाठ न सांगितलेल्या तक्रारी. बीपीची गोळी पाच दिवसांपूर्वी संपलेली. साखरेची गोळी घरीच राहिलेली. "वारीत कशाला औषध, देव बघतोय की," म्हणून मुद्दाम बंद केलेली.

डॉक्टर नसलेल्यांना "पायांचं टेबल" मिळालं. टेबल नावालाच. सतरंजी, पाण्याच्या बादल्या, साबण, स्वच्छ पंचे. आलेल्या प्रत्येकाचे पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करायचे आणि तळवे नीट बघायचे. फोड दिसला तर फोडायचा नाही, झाकायचा. जखम दिसली तर डॉक्टरांना हाक मारायची. आधी वाटतं, हे काय काम! पण पाय बघितल्याशिवाय वारकऱ्याचं काहीच कळत नाही, हे पहिल्या तासातच लक्षात येतं.

टाचेतला काटा

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी आल्या. पारनेरकडच्या. डोक्यावर तुळस, हातात काठी. "डोकं ठणकतंय गं पोरी, एक गोळी दे, दिंडी पुढं जाईल."

गोळी डॉक्टर देतील, तोवर पाय धुते म्हटलं. डाव्या टाचेला काळपट डाग होता. मला चिखल वाटला. पाण्याने जाईना. जवळून बघितलं तर मध्ये बाभळीचा काटा मोडून आत राहिलेला आणि भोवतीची कातडी ओली, सुजलेली.

"आजी, हा काटा कधी मोडला?"

"कुठला काटा?"

त्यांना माहीतच नव्हतं. त्या त्याच पायाने किती दिवस चालत होत्या, त्यांनाही सांगता येईना.

डॉक्टर ताई आल्या. त्यांनी आजींना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारलं, "आता लागतंय?" बहुतेक जागी आजींना काहीच कळलं नाही. बोटाला टोचून साखर बघितली. तीनशेच्या वर.

मधुमेह बरीच वर्षं आटोक्याबाहेर राहिला की पायाच्या नसा बधिर होतात. रक्तपुरवठाही कमी होत जातो. मग काटा रुतला, खडा बोचला, चप्पल चावली, तरी मेंदूपर्यंत खबर जात नाही. माणूस चालत राहतो, जखम खोल जाते, जंतू शिरतात. शेवटी बोट किंवा पाय काढावा लागतो. त्यातले कितीतरी पाय वेळेवर बघितले असते तर वाचले असते.

डॉक्टर ताई म्हणाल्या, "आजी, काटा काढते, धनुर्वाताचं इंजेक्शन देते. पण आता पुढे चालायचं नाही. जखमेवर भार पडला तर पाय जाईल."

आजी हसल्या. "दुखतच न्हाई तर पाय कशानं जाईल? अठरा वर्सं झाली, एक षष्ठी चुकली न्हाई. आमचे मालक गेले तवापासून येतेय. आता नाथांच्या दारात आणून म्हणतेस थांब?"

मागे रांग वाढत होती. ऊन, थकवा, सगळंच होतं. आमच्यातलं कुणीतरी पटकन बोलून गेलं, "आजी, पाय कापायची वेळ आली ना, मग कळेल. तुम्हा लोकांना कितीही सांगा, ऐकतच नाही."

बोललेलं खोटं नव्हतं. काळजीपोटीच होतं. पण आजींचा चेहरा मिटला. त्यांनी ओला पाय माझ्या हातातून ओढून घेतला, चप्पल चढवली आणि काठी शोधायला लागल्या. काटा अजून टाचेतच होता.

मला तिथे तो बाविसावा श्लोक दिसला. औषध योग्य, सल्ला योग्य, माणूस गरजू. सगळं बरोबर असून ते देणं आजींपर्यंत पोचेना, कारण देताना मान राखला नाही. गीता अशा देण्याला तामस म्हणते तेव्हा आपल्याला ते फार कडक वाटतं. पण त्या क्षणी हिशोब अगदी साधा होता. त्या एका वाक्यामुळे एक बाई पाय गमावायच्या वाटेवर परत निघाली होती.

डॉक्टर ताईंनी रांग दुसऱ्या डॉक्टरांकडे वळवली. स्वतः सतरंजीवर आजींच्या पायाशी बसल्या. त्यांनी पुन्हा साखरेचा आकडा सांगितला नाही. विचारलं, "आजी, ही तुळस किती वर्षं नेताय?"

आजी थोडा वेळ गप्प. मग बोलायला लागल्या. मालकांचा नेम होता, तो त्यांनी पुढे चालवला. नवस नाही, मागणं नाही. "चालते तवा ते संगं असल्यावानी वाटतं," एवढंच.

मग ताई म्हणाल्या, "आजी, पाय दुखला की आपण थांबतो. दुखणं म्हणजे पायाने मारलेली हाक. तुमचा पाय हाक मारायचा थांबलाय. दुखत नाही, हाच तर आजार आहे."

आजींनी पहिल्यांदाच स्वतःचा तळवा वळवून बघायचा प्रयत्न केला. वाकता येईना. मी मोबाईलवर फोटो काढून दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हा माझा पाय?"

एवढ्यात त्यांच्या दिंडीचे विणेकरी बुवा चौकशीला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आजींशेजारी बसून म्हणाले, "माऊली, नाथबाबा काशीहून कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते. रामेश्वर जवळ आला, अन् वाळूत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं. कावड तिथंच रिती केली. ती कावड देवाला पोचली का न्हाई?"

"पोचली," आजी म्हणाल्या.

"मग? तुझी वारीबी शेवगावातनं पोचंल."

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाय त्यांनी पुढे केला. काटा निघाला. जखम धुतली, पट्टी झाली. आजी दिंडीच्या टेम्पोतून पैठणला जायच्या ठरल्या आणि तुळस त्यांच्याच गावची एक सून डोक्यावर घेऊन चालली. निघताना आजींनी आभार मानले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. "माझी काठी कुठं ठिवली?" एवढंच विचारलं आणि गेल्या.

देश, काल, पात्र

आता पुन्हा विसाव्या श्लोकाकडे येऊ. देश, काल, पात्र या तीन शब्दांचा परंपरेतला अर्थ काय? आद्य शंकराचार्यांनी भाष्यात उदाहरणं दिली आहेत. देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखं पुण्यस्थान, काल म्हणजे संक्रांतीसारखी पर्वणी, पात्र म्हणजे वेद जाणणारा विद्वान. त्या काळच्या दानधर्माच्या दृष्टीने हा अर्थ नीट बसतो.

नाथांची ती गोष्ट याच तीन शब्दांपाशी ठेवून बघा. जाणकार भक्ताने कावड कुठे द्यायला हवी होती? रामेश्वराच्या गाभाऱ्यात, अभिषेकाच्या वेळी, महादेवाला. नाथांनी दिली रखरखत्या वाळूत, एका गाढवाला. नाथ गीता जाणत नव्हते असं कोण म्हणेल? त्यांनी देश, काल, पात्र सोडलं नाही. जिथे जीव तडफडतोय तोच देश, जीव वाचू शकतो तोच काल आणि ज्याला गरज आहे तेच पात्र, असं त्यांच्या वागण्यातून दिसतं. आणि गाढव परतफेड काय करणार? "जो फेडू शकत नाही त्याला" ही अटही पुरी झाली.

आजींच्या बाबतीत "काल" फार नेमका होता. पाय दुखायला लागल्यावर, काळा पडल्यावर मदत करायला दहा जण धावले असते. खरी वेळ त्याआधीची होती, जेव्हा काहीच दुखत नव्हतं आणि आजी हसत होत्या. आपल्या घरातही असंच असतं. रडणारा माणूस आपल्याला दिसतो. "मी ठीक आहे" म्हणणाऱ्याचा पाय कुणी बघत नाही.

राजस दानाबद्दल ज्ञानोबारायांचा एक दृष्टांत लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुधावर मन ठेवून गाईला चारा घालावा, तसं ते दान. चारा खराच असतो, गाय तृप्तही होते, पण घालणाऱ्याचं लक्ष कासेकडे. आपल्या सेवेतलं "दूध" काय असतं हे प्रत्येकाने आपापलं बघावं. सर्टिफिकेट, स्टेटसला टाकलेला फोटो, कंपनीच्या अहवालातली ओळ. हे सगळं सोडलं तरी एक शेवटचं दूध उरतं : समोरच्याने निदान "देव तुझं भलं करो" म्हणावं. आजी काठी मागून निघून गेल्या, तेव्हा विसावा श्लोक काय सांगतो ते मला दिसलं. फेड नाही, म्हणजे शब्दांचीही नाही.

आपण निघून गेल्यावर

एक प्रश्न उरतोच. आम्ही तीन दिवसांसाठी गेलो होतो. आजींची साखर काही तीन दिवसांची नव्हती. मग अशा पथकाचा उपयोग काय?

याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात एका जोडप्याने फार आधी शोधलंय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं श्रद्धावान ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की दारात येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत. आपण बरे करून पाठवतो आणि माणसं तेच आजार घेऊन परत येतात. ते अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला प्रकल्प सुरू केला. तिथे त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यातल्या अनेकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, कित्येक दलित समाजातल्या होत्या. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, स्वच्छ पाणी, हे सगळं त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले.

त्यांनी दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट औषध नव्हती. "तुला हे जमेल" असा मान होता. तामस दानात जो मान नसतो तोच. ज्याला मान मिळतो तो पुढे स्वतः देणारा होतो.

त्या दिवशी डॉक्टर ताईंनी तेच केलं. आजींची तुळस घेणाऱ्या सुनेला त्यांनी बाजूला बसवलं आणि पट्टी कशी बदलायची ते तिच्याकडूनच करवून घेतलं. रोज रात्री आरशात तळवा बघायचा. अनवाणी चालायचं नाही, मंदिरातसुद्धा पायात स्वच्छ मोजे असू द्यायचे. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघायचा. पाय गरम पाण्यात बुडवायचा नाही, कारण पोळलेलं कळणार नाही. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. गावी परतल्यावर लगेच सरकारी दवाखान्यात साखर दाखवायची, त्यासाठी चिठ्ठी दिली.

चैत्रात त्या सुनेचा फोन आला. जखम भरत आलीय, साखर उतरतेय पण अजून पुरती ताब्यात नाही. आजी कुरकुर करतात, पण गोळी घेतात. आणि गावातल्या आणखी दोघी म्हाताऱ्या आता तिच्याकडून पाय बघून घेतात. डॉक्टर ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "चला, शिबिर अजून चालू आहे."

आज करून बघूया

१. घरातल्या, ओळखीतल्या एका मधुमेही माणसाचे तळवे आज स्वतः बघा. आईचे, बाबांचे, कामाला येणाऱ्या मावशींचे. विचारून, बसून, घाई न करता.

२. आज कुणालाही काही देताना, मग ते पैसे असोत, वेळ असो की सल्ला, आपला आवाज ऐका. त्यात "तुम्हा लोकांना" आलंय का?

३. एक गोष्ट अशी द्या की जिची परतफेड होऊच शकत नाही. आणि ती कुणाला सांगू नका, ग्रुपवरही नाही.

४. सेवेला जायचं असेल तर निघण्याआधी एक प्रश्न ठरवून ठेवा : मी परत आल्यावर तिथे हे काम कोण करेल? त्या माणसाला शोधणं हेच पहिलं काम.

चिंतनासाठी प्रश्न : माझ्या आजूबाजूला असं कोण आहे ज्याला दुखत नाही, म्हणून मी बघत नाही?

प्रार्थना : हे पांडुरंगा, दुसऱ्याचा पाय हातात घेताना माझा हात हलका राहू दे आणि जीभही. जे दिलं ते तुझंच होतं, याचा विसर पडू देऊ नकोस. माझ्याकडून जे राहील ते पुढे नेणारा कुणीतरी भेटू दे, आणि त्याला मान देण्याची बुद्धी मला दे.

उद्या तेविसाव्या श्लोकापासून ॐ तत्सत् या तीन शब्दांचा अर्थ पाहू. आज ज्यांनी कुणाचे तळवे बघितले त्यांनी उद्या वाचताना तो प्रसंग मनात ठेवा, फरक पडेल.

राम कृष्ण हरी!